अनवाणी माणसाला टोल माफ

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याकडे गप्पा आपोआप क्रिकेटकडे वळतात. सोबर्स, लॉइड, रिचर्ड्स, लारा... पण त्याच कॅरिबियन समुद्रात अशीही बेटं आहेत, जिथली पोरं मैदानात उतरतात ती बेसबॉलची बॅट घेऊन, आणि जिथं राज्य चाललं ते प्रामुख्यानं डचांचं. क्युरासाव हे त्यांपैकी एक. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ६५ किलोमीटरवर. क्षेत्रफळ ४४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षाही लहान. वस्ती दीड लाखाच्या आसपास. या बेटाची राजधानी विलेमस्टाड. तिच्या जुन्या बंदराला आणि गावठाणाला युनेस्कोनं १९९७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

नाव ऐकलेलं नसलं, तरी विलेमस्टाडचं चित्र तुम्ही एखाद्या कॅलेंडरवर पाहिलेलं असण्याचा संभव आहे. निळंशार पाणी आणि पाण्याच्या काठाला खेटून उभी असलेली पिवळी, गुलाबी, हिरवी, निळी घरं. वर वळणदार डच शिखरं. जणू अॅमस्टरडॅमचा एखादा कालवा उचलून उन्हात वाळत घातला आहे! मी या गावात चार दिवस राहिले. बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला मात्र पाच-सहा तासच येतात. सकाळी क्रूझचं जहाज लागतं, माणसं उतरतात, त्या रंगीत रांगेसमोर फोटो काढतात, खरेदी करतात आणि संध्याकाळी जहाज निघून जातं. त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. घरं सुंदर आहेतच. पण हे गाव नुसतं पाहायचं नाही, थोडं वाचायचं आहे. ते कसं वाचावं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

सुरुवात पाण्यापासून करू. समुद्रातून एक अरुंद खाडी थेट गावाच्या मधोमध आत शिरते. तिचं नाव सिंट आना. ती आत जाते आणि एकदम फाकून मोठं, खोल, वाऱ्यापासून सुरक्षित असं नैसर्गिक बंदर होतं. या गावाचं सगळं नशीब त्या पाण्यात आहे. स्पॅनिश लोक १४९९ मध्ये इथं आले. सोनं मिळालं नाही, तेव्हा त्यांनी या बेटांना चक्क निरुपयोगी ठरवलं आणि इथल्या मूळच्या काकेतियो लोकांना मजुरीसाठी दुसऱ्या बेटावर हलवलं. पुढं १६३४ मध्ये डचांच्या वेस्ट इंडिया कंपनीनं बेट जिंकलं. त्यांना मासे खारवायला मीठ हवं होतं आणि स्पेनविरुद्ध आरमाराला तळ हवा होता.

इथं आपल्या वेंगुर्ल्याची आठवण होते. डचांच्या दोन कंपन्या होत्या, एक पूर्वेसाठी आणि एक पश्चिमेसाठी. पूर्वेकडच्या कंपनीनं साधारण त्याच सुमारास, १६३७ मध्ये, वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही तिथं उभे आहेत. एकाच देशाचे व्यापारी, तीच वर्षं. वेंगुर्ल्याची वखार मोडली आणि विलेमस्टाड मात्र श्रीमंत झालं. ते कशावर?

शेतीवर नक्कीच नाही. बेट कोरडं आहे. पाऊस कमी, जिकडंतिकडं निवडुंग आणि वाऱ्यानं एका बाजूला वाकलेली दिवी-दिवीची झाडं. उसाचे मोठे मळे इथं कधी फुलले नाहीत. इथं फुलला तो व्यापार, आणि त्यात मोठा भाग होता माणसांचा. सतराव्या शतकात आफ्रिकेतून पकडून आणलेले स्त्री-पुरुष या बंदरात उतरवले जात, काही काळ छावणीत ठेवले जात आणि मग स्पॅनिश वसाहतींना विकले जात. तो पुरवठा करण्याचं काम १६६२ पासून डचांच्या हाती आलं. बेट ही जणू माणसांची घाऊक बाजारपेठच झाली. धक्क्यावरच्या सुंदर घरांकडे पाहताना हे लक्षात ठेवायला हवं. तळमजल्याला गोदाम आणि पेढी, वर व्यापाऱ्याचं बिऱ्हाड, अशी ती घरं आहेत. कोपऱ्यावरची पिवळी पेन्या इमारत १७०८ सालची आहे.

रंगांची एक गोष्ट तिथला प्रत्येक गाइड सांगतो. पूर्वी घरं पांढरी होती. १८१७ मध्ये किकर्ट नावाच्या गव्हर्नरनं फर्मान काढलं, की पांढऱ्या भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या उन्हानं डोकं दुखतं, तेव्हा घरांना दुसरा कुठला तरी रंग द्या. लोकांनी दिला. आणि म्हणे, गव्हर्नर वारल्यावर कळलं, की गावातल्या रंगाच्या दुकानात त्याची भागीदारी होती! खरंखोटं देव जाणे. पण गोष्ट चांगली आहे, आणि ती इथं का टिकली असेल हे आपल्यासारख्यांना समजावून सांगायला नको.

खाडीच्या पूर्वेला जुनं तटबंदीचं गाव, त्याचं नाव पुंडा. पश्चिमेला ओट्रोबांडा, म्हणजे शब्दशः 'पलीकडची बाजू'. या दोन्हींना जोडणारा राणी एमाच्या नावाचा पूल हे विलेमस्टाडमधलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. लाकडी फळ्यांचा हा १६७ मीटर लांबीचा पूल खांबांवर नाही, एका ओळीत बांधलेल्या सोळा होड्यांवर तरंगतो. जहाज आलं की घंटा होते, फाटकं बंद होतात आणि अख्खा पूल दरवाजासारखा एका बाजूला फिरतो. त्याचं इंजिन पुलाच्या टोकालाच बसवलेलं आहे. नारिंगी बावटा लावला तर थोडा वेळ थांबायचं, निळा लावला तर बराच वेळ. मग फुकटची फेरीबोट सुरू होते. घंटा झाली तेव्हा पुलावर असाल, तर घाबरू नका. पुलावरच उभं राहायचं आणि त्याच्याबरोबर फिरायचं.

हा पूल १८८८ मध्ये लेनर्ड बर्लिंग्टन स्मिथ या अमेरिकन गृहस्थानं बांधला आणि त्यावर टोल बसवला. पण टोलाचा नियम मोठा मजेदार होता. पायात बूट असतील तर पैसे भरा, अनवाणी असाल तर फुकट जा. गरिबाला त्रास नको, हा हेतू. प्रत्यक्षात काय झालं म्हणतात, की खाऊनपिऊन सुखी असलेली माणसं बूट काढून काखेत मारायची आणि पैसे वाचवायची. आणि ज्यांच्याकडे बूट नव्हते, ती उसने मागून घालायची आणि टोल भरून मान ताठ ठेवून पूल ओलांडायची.

ही गोष्ट ऐकून सगळे हसतात. मीही हसले. मग मनातल्या मनात वर्षांचा हिशेब केला. या बेटावरची गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी संपली. म्हणजे पूल झाला तेव्हा तिला जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. उसने बूट घालून पुलावर आलेल्यांपैकी कित्येकजण गुलाम म्हणून जन्मलेले असणार. त्यांच्या मुक्तीच्या वेळी सरकारनं भरपाई दिली होती, डोईमागे दोनशे गिल्डर. पण ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. असा हिशेब मांडला, की त्या टोलाच्या नाण्याचं मोल वेगळंच वाटू लागतं. 'आम्हाला माफी नको, आमचे पैसे घ्या', असं सांगण्याची ती जागा होती. हा टोल १९३४ मध्ये बंद झाला.

पुंडात एक सिनेगॉगही पाहावं. स्पेन-पोर्तुगालमधल्या छळातून अॅमस्टरडॅमला गेलेले ज्यू १६५१ पासून इथं येऊ लागले. त्यांचं सध्याचं प्रार्थनास्थळ १७३२ मधलं. दोन्ही अमेरिका खंडांत अखंड वापरात असलेलं हे सर्वांत जुनं सिनेगॉग. आत पाऊल टाकलं की जमिनीवर चक्क वाळू! कुणी सांगतात, पूर्वजांच्या वाळवंटातल्या भटकंतीची ही खूण. कुणी सांगतात, छळाच्या दिवसांत चोरून प्रार्थना करताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वाळू पसरत, त्याची ही आठवण. जवळच अॅमस्टरडॅम किल्ल्यातल्या चर्चच्या भिंतीत १८०४ च्या इंग्रजांच्या हल्ल्यातला तोफगोळा अजून रुतून बसलेला आहे.

पूल ओलांडून ओट्रोबांडात आलात, की दुकानं कमी होतात आणि गल्ल्या अरुंद होतात. इथं कुरा हुलांडा नावाचं संग्रहालय १९९९ मध्ये सुरू झालं. तिथं गुलामांच्या जहाजाच्या तळघराची प्रतिकृती आहे. शिडीनं खाली उतरायचं. मी उतरले आणि दोन मिनिटांत वर आले. खाली ज्यांना आठवडेच्या आठवडे साखळदंडांत ठेवलं, त्यांना तशी मुभा नव्हती.

आता एक नाव लक्षात ठेवा, तुला. बेटाच्या पश्चिम टोकाला केनेपा नावाचा मळा होता. तिथल्या गुलामांनी १७ ऑगस्ट १७९५ रोजी काम थांबवलं. त्यांचा पुढारी तुला. त्याचं म्हणणं अगदी वकिली होतं. फ्रान्सनं आपल्या वसाहतींतले गुलाम मुक्त केले आहेत, आणि खुद्द हॉलंड आता फ्रान्सच्या ताब्यात आहे, मग आम्ही अजून गुलाम कसे? वाटाघाटीला आलेल्या पाद्र्यानं हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते माहीत आहे. काही दिवसांत शेकडो लोक त्याला मिळाले. महिनाभरानं तो पकडला गेला आणि ३ ऑक्टोबर १७९५ रोजी त्याला हालहाल करून मारण्यात आलं. डच सरकारनं गुलामगिरीबद्दल माफी मागितली ती डिसेंबर २०२२ मध्ये. तुलावरचा गुन्हेगारीचा कलंक सरकारनं अधिकृतपणे पुसला तो २०२३ मध्ये, त्याच्याच मृत्युदिनी. मधे २२८ वर्षं गेली.

त्याचं स्मारक ओट्रोबांडाच्या बाजूला समुद्रकाठी आहे. साखळी तोडणाऱ्या माणसांचं शिल्प. क्रूझच्या धक्क्यापासून ते फार लांब नाही, तरी तिकडं फारसं कुणी वळत नाही. केनेपाचंही तसंच. त्याच्याजवळची पुळण बेटावरच्या सर्वाधिक फोटो काढल्या जाणाऱ्या जागांपैकी एक आहे. वरच्या टेकडीवर मळेवाल्याचं घर आहे आणि तिथं तुलाच्या नावाचं संग्रहालय केलेलं आहे. पोहून झाल्यावर पाऊण तास तिकडं द्यायला हरकत नसावी.

बंदराची कहाणी तिथं संपत नाही. व्हेनेझुएलात तेल सापडलं आणि १९१८ मध्ये आतल्या बंदराकाठी शेल कंपनीची प्रचंड रिफायनरी उभी राहिली. हजारोंना काम मिळालं. पुढं मजुरीचा प्रश्न पेटला, ३० मे १९६९ रोजी कामगार गावात शिरले, दोघं मृत्युमुखी पडले आणि पुंडा-ओट्रोबांडातल्या कितीतरी इमारती जळाल्या. आज रंगीत दिसणाऱ्या रांगांमधल्या काही मोकळ्या जागा त्या दिवसाच्या आहेत. शेलनं १९८५ मध्ये ती रिफायनरी सरकारला एका गिल्डरला विकली आणि काढता पाय घेतला.

आता थोडं व्यवहाराचं. भारतीयांना लागणारा व्हिसा नेदरलँड्सच्या वकिलातीमार्फत मिळतो, त्याचे नियम आधी पाहून घ्या. विमान अॅमस्टरडॅमहून मिळतं. बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर आहे, पण ऊन कडक, म्हणून गाव सकाळी लवकर चालावं. जेवायला फुंची मागा. आपल्या उकडीसारखा मक्याच्या पिठाचा प्रकार, बोकडाच्या रश्श्याबरोबर देतात. आणि गियांबो मागितलंत, तर समोर भेंडीचं सार येईल! भेंडी त्यांच्याकडे आफ्रिकेतून, त्या जहाजांच्याच वाटेनं पोचली.

आणि दोन शब्द शिकून जा. 'बॉन दिया' म्हणजे सुप्रभात, 'दांकी' म्हणजे आभार. ही पापियामेंटू भाषा. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी बोलींच्या मिसळणीतून ती घडली. गुलामांच्या तोंडी ती रुळली, मालकांच्या घरातही शिरली, आणि २००७ मध्ये बेटाची अधिकृत भाषा झाली. धक्क्यावरची घरं व्यापाऱ्यांनी बांधली. ही भाषा मात्र अनवाणी माणसांनी बांधली, आणि आज सगळं गाव तिच्यात राहतं. दुकानदाराला इंग्रजीऐवजी 'बॉन दिया' म्हणून पाहा. चेहरा खुलतो. तिथं मला मिळालेलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं तिकीट तेच होतं.