विशेषण आणि विशेष्य यांचा मेळ: मराठी ‘नवा’ व चेक ‘नोवी’

विशेषण विशेष्याचे लिंग व वचन घेते, एवढे सांगून प्राथमिक व्याकरणे बहुधा हा विषय संपवितात. नियम खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. विकार कोणत्या विशेषणास होतो, कोठे होतो आणि कोठे लोपतो, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. मराठीभाषक विद्यार्थी चेक भाषेच्या अभ्यासास आरंभ करतो, तेव्हा हेच प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतात. आणि त्यांची बरीचशी उत्तरे त्याच्या मातृभाषेतच असतात.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. ‘नवी होडी’, ‘नवे जाळे’ ही उदाहरणे पाहून विशेषणाचा अंत्य स्वर नामाच्या अंत्य स्वराशी जुळतो, असे नवशिक्यास वाटते. ‘नवा कोळी’, ‘नवी भाषा’ ही उदाहरणे घेताच ही समजूत टिकत नाही. मेळ ध्वनीचा नसून लिंगाचा आहे. वसई प्रांतावर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. पोर्तुगीजांतून मराठीत आलेले शब्द या दृष्टीने उद्बोधक आहेत. पोर्तुगीजांत ‘बाल्दि’ पुल्लिंगी व ‘मेझा’ स्त्रीलिंगी. मराठीत मात्र ‘नवी बालदी’ आणि ‘नवे मेज’. शब्द परका असला, तरी त्याचे लिंग मराठीने ठरविले, आणि त्या निर्णयाची साक्ष विशेषण देते.

चेक भाषेत हाच विकार ‘नोवी’ या विशेषणात दिसतो. हा शब्द संस्कृत ‘नव’ याचाच दूरचा सगोत्र होय. उच्चारानुसार लिहिल्यास पुल्लिंगी ‘नोवी दूम’ म्हणजे नवे घर, स्त्रीलिंगी ‘नोवा क्निहा’ म्हणजे नवे पुस्तक, नपुंसकलिंगी ‘नोवे म्येस्तो’ म्हणजे नवे नगर. चौथ्या चार्ल्सने १३४८ मध्ये वसविलेला प्राग शहराचा भाग आजही याच शेवटल्या नावाने ओळखला जातो. दोन्ही भाषांतील प्रत्ययांचा उगमही तुलनेस योग्य आहे. मराठीत ‘नव’ यास ‘क’ जोडून झालेल्या ‘नवक’, ‘नविका’ या रूपांपासून ‘नवा’, ‘नवी’ ही रूपे आली. चेक भाषेत मूळच्या आखूड विशेषणास सर्वनाम जोडले जाऊन दीर्घ अंत्य स्वर सिद्ध झाला. ज्यांना अशी जोड मिळाली नाही, ती ‘लाल’, ‘थोर’, ‘उंच’ यांसारखी मराठी विशेषणे अविकारी राहिली. ‘जादा’ हा परका शब्द आकारान्त असूनही बदलत नाही. चेक बोलण्यातील ‘फाय्न’ हे परके विशेषणही असेच अविकारी आहे.

विभक्तीच्या प्रांतात दोन्ही भाषांचे मार्ग काहीसे भिन्न होतात. मराठीत सामान्यरूपापुढे लिंगवचनभेद लोपतो: नव्या दोराला, नव्या होडीला, नव्या जाळ्यांना. चेक भाषेत एकवचनी विभक्तींत पुल्लिंग व नपुंसकलिंग बहुतांशी एकत्र येतात, स्त्रीलिंग मात्र वेगळे राहते. बहुवचनी षष्ठीत तिन्ही लिंगांस ‘नोविख’ हे एकच रूप पुरते. सजीवतेचा भेद मराठी विद्यार्थ्यास परका वाटू नये. ‘नवा दोर पाहिला’, पण ‘नव्या तांडेलाला पाहिले’, असे तो नित्य म्हणतोच. चेक भाषेतही कर्मस्थानी निर्जीव ‘नोवी दूम’ तसेच राहते, आणि सजीव ‘नोवी स्तुदेन्त’ याचे ‘नोवेहो स्तुदेन्ता’ होते. मिश्र लिंगांच्या बाबतीत मात्र विरोध आहे: ‘नवराबायको भली आहेत’ येथे मराठी नपुंसकलिंगी बहुवचन योजते, तर चेक भाषा सजीव पुल्लिंगी बहुवचन योजते.

स्त्रीलिंगी एकवचन व नपुंसकलिंगी बहुवचन यांचे साम्य विशेष विचारार्ह आहे. चेक भाषेत दोन्ही स्थानी ‘नोवा’ हेच रूप येते. त्याचे मूळ अतिप्राचीन आकारान्त बहुवचनात आहे. मराठीतील ‘नवी होडी’ व ‘नवी जाळी’ यांचे साम्य मात्र अर्वाचीन आणि बरेचसे लेखनजन्य होय. पूर्वी दुसरे रूप ‘नवीं जाळीं’ असे लिहीत. तो अनुस्वार ‘नवकानि’ यातील अनुनासिकाचा अवशेष होता. तसेच ‘नवे दोर’ आणि ‘नवें जाळें’ हा भेद अनुस्वार दाखवीत असे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार लेखनातून गेले. नवा, नवी, नवें, नवे, नव्या, नवीं या सहा रूपांची लेखनात चारच उरली. कोकणी लेखनात ‘नवें घर’ आजही सानुस्वार आहे.

याचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील उत्तन व पाली ही किनाऱ्यावरील कोळ्यांची गावे. ‘सुका बोंबील’, ‘सुकी मासळी’ हे शब्दप्रयोग तेथे रोजच्या व्यवसायाचे आहेत. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, ठाणे जिल्ह्यातील कोळी व किरिस्ताव या बोलींची स्वतंत्र नोंद झाली आहे. अशा गावची बोली टिपताना अभ्यासकाने प्रमाण लेखनाचा अवलंब केला, तर सहा रूपे की चार, हा प्रश्न ऐकण्यापूर्वीच निकालात निघतो. म्हणून दोर, होडी आणि जाळे अशी तीन लिंगांची नामे घेऊन दोन्ही वचने व सामान्यरूप यांची वाक्ये बोलवून घ्यावीत, आणि अंत्य स्वर सानुनासिक आहे की निरनुनासिक, हे उच्चारदर्शक चिन्हांनी नोंदवावे. प्रमाण तक्त्याशी तुलना त्यानंतर करावी. जो भेद लेखनाने पुसला, तो वाणीनेही पुसला आहे काय, याचा निर्णय कानाने करावयाचा असतो. शुद्धलेखनाच्या नियमाने नव्हे.