रंग पदार्थाचा नव्हे, आकाराचा

'क्यूएलईडी' टीव्हीतले क्वांटम डॉट स्वतःच उजळतात, असे अनेक ग्राहक समजतात. प्रत्यक्षात या संचांत मागे निळे एलईडी असतात. त्यांचा प्रकाश शोषून हे स्फटिककण लाल आणि हिरवा प्रकाश बाहेर टाकतात. मागचा दिवा विझला, की डॉटही विझले.

याहून खोल रुजलेला गैरसमज रंगाचा. हळद पिवळी, कुंकू लाल. म्हणून रंग बदलला की पदार्थ बदलला, असे आपण धरून चालतो. क्वांटम डॉटमध्ये मात्र पदार्थ तोच राहतो, बदलतो तो कणाचा आकार. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळसर प्रकाश देतो, ६ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल. (माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या घरात जाडा असतो.) सतारीच्या पडद्यावर बोट दाबले, की तारेची कंप पावणारी लांबी घटते आणि सूर चढतो. इलेक्ट्रॉनही तरंगासारखा वागतो. त्याची जागा आकसली, की ऊर्जा चढते आणि प्रकाश निळ्याकडे सरकतो. पुंजभौतिकी इतक्या उघडपणे डोळ्यांना दिसते, हे मला आजही विलक्षण वाटते.

सोन्याचे नॅनोकणही लाल दिसतात, पण त्याचे कारण वेगळे: तिथे असंख्य इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावतात. दोन्हींची गल्लत करू नये.

क्वांटम डॉटसाठीचे नोबेल २०२३ चे, म्हणून शोधही ताजा, हेही चूक. सोव्हिएत संघात अलेक्सी एकिमोव्ह यांना १९८१ च्या सुमारास रंगीत काचेतल्या कॉपर क्लोराइडच्या कणांत आकारानुसार रंग बदलण्याचा हा परिणाम दिसला. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लुई ब्रुस यांना तो १९८३ मध्ये द्रावणात सापडला. एकिमोव्ह यांचे काम त्यांना ठाऊक नव्हते. खरी अडचण एकसारखे कण बनवण्याची होती. ती एमआयटीत मौंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये सोडवली. तापलेल्या द्रावकात घटकद्रव्ये एकदम टोचायची. स्फटिकांची बीजे एकाच क्षणी पडतात, तापमान उतरते, मग बेताने तापवून हवा तेवढा आकार वाढवायचा. या युक्तीशिवाय टीव्हीपर्यंतचा प्रवास झाला नसता.

'नॅनो' शब्दाने पदार्थ निर्धोक ठरत नाही. कॅडमियम विषारी आहे. म्हणून अनेक उत्पादक इंडियम फॉस्फाइड वापरतात. टीव्ही घेताना तो कॅडमियममुक्त आहे का, हे जरूर विचारा आणि जुना संच भंगारवाल्याला न देता ई-कचरा संकलन केंद्रात द्या.