बाबांचा पन्नास टक्के बोनस

गाडीच्या विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, तिथे घासाघीस चालत नाही. उतरवता येतो तो ‘ओन डॅमेज’चा हप्ता. त्यातली सगळ्यात मोठी सूट म्हणजे नो क्लेम बोनस: एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०.

हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. आमच्याकडे वडोदऱ्यात बाबांची जुनी गाडी विकून नवी माझ्या नावावर घ्यायचं चाललं होतं. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता १८ हजार, म्हणजे बाबांच्या ५० टक्क्यांचे ९ हजार गेलेच असते! शेवटी गाडी बाबांच्याच नावावर घेतली. त्याआधी जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं सर्टिफिकेट घेतलं; ते तीन वर्षं चालतं. शोरूमवाला हे आपणहून सांगत नाही. (त्याने का सांगावं म्हणा.)

बंपरला दोन-तीन हजारांचं खरचटलं तर खिशातून भरा. क्लेम केला की बोनस शून्यावर. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी तेच. आयडीव्ही कमी दाखवून हप्ता उतरवायचा सल्ला मात्र मी कुणाला देणार नाही. गाडी चोरीला गेली तर हातात तेवढेच पडतात.