कर्ज काढून कॅमेरा घ्यावा का?

पालघर-बोईसरच्या आमच्या बचत गटांत सध्या एकच चर्चा : वारली चित्रांचे, सुक्या मासळीचे फोटो काढायला अंतर्गत कर्जातून मोठा कॅमेरा घ्यायचा का?

होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्यांचा रोलिफ्लेक्स पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. झूम नाही, एका रोलवर फोटो फक्त १२. म्हणजे जवळून हवं तर स्वतःच पुढे चालायचं, आणि क्षणाची वाट बघायची. कॅमेरा कमरेला, म्हणून समोरचा माणूस जरा खालून, ताठ दिसतो.

मोबाइलचंही तसंच. फार जवळ गेलात तर चित्राची चौकट वाकडी दिसते. झूम केलंत तर तांदळाच्या पिठाच्या बारीक रेघा फुटतात. दोन पावलं मागे या, मोबाइल चित्रासमोर सरळ धरा. पडवीतली सावली उत्तम, फ्लॅश बंद.

कॅमेऱ्यामागे लेन्स, बॅटरी, कार्ड हा खर्च येतोच. म्हणून आधी महिनाभर मोबाइलवरच, रोज १२ फोटो काढू. काय जमत नाही ते वहीत लिहा. हळदी-लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताईला मात्र रात्रीच्या उजेडात कॅमेरा लागेलच. तिचा अर्ज पुढच्या बैठकीत घेऊ.