बनवायला परवाना, विकायला मोकळीक

सोलापूरलगत कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत आहे. दहा हजार घरांची. मांडीवर सूप घेऊन पाने कापणे, तंबाखू भरणे, दोरा गुंडाळणे हे तिथल्या कितीतरी बायकांचे रोजचे काम. शहरातल्या यंत्रमागांवर कामगार पाळीभर उभे असतात. कंबर, मान, गुडघे यांचे दुखणे या दोन्ही धंद्यांच्या पाचवीलाच पुजलेले. रोज बुडवून दवाखान्यात रांग लावायची की शेजारणीने सांगितलेले चूर्ण आणायचे, हा प्रश्न अशा घरात फार वेळ चालत नाही. ‘झाडपाल्याचे आहे, त्याने काही होत नाही’ हे वाक्य तयारच असते.

झाडपाल्याच्या औषधाला कायदा लागू नाही, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्यात १९६४ साली स्वतंत्र प्रकरण घालून आयुर्वेदिक आणि युनानी औषधे त्याच्या कक्षेत आणली गेली. पनवेलला १८७२ पासून धूतपापेश्वर कारखाना चालू होता, पुण्यात १९३५ पासून आयुर्वेद रसशाळा होती. वैद्याच्या खलबत्त्यातले औषध कारखान्यात तयार होऊन दूरच्या गावी विकले जाऊ लागले होते. बनवणारा आणि घेणारा यांची ओळख उरली नाही, तेव्हा मध्ये सरकार येणे भागच होते.

हा कायदा औषधांचे दोन गट करतो. चरक, सुश्रुत, शार्ङ्गधर, भावप्रकाश, योगरत्नाकर अशा मान्य ग्रंथांतल्या पाठानुसार बनवलेली ती शास्त्रोक्त औषधे. ग्रंथातलीच द्रव्ये घेऊन कंपनीने स्वतः जुळवलेली ती पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषधे. दोन्हींच्या उत्पादनाला परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. कारखान्याची स्वच्छता, कच्च्या मालाची पारख, नोंदी यांचे नियम २००० साली ‘शेड्यूल टी’मध्ये आले. परिणामकारकतेचा पुरावा कोणत्या औषधाला किती लागेल, हे २०१० च्या नियमाने ठरवले. त्यात ग्रंथोक्त औषधाला बरीच सूट आहे. स्वतःच्या रुग्णासाठी औषध करून देणाऱ्या वैद्याला मात्र उत्पादनाचा परवाना लागत नाही.

नियमांत मोठे भगदाड आहे ते विक्रीत. ॲलोपॅथीची गोळी विकायला दुकानाचा परवाना आणि फार्मासिस्ट लागतो. आयुर्वेदिक औषध विकायला वेगळा परवाना लागत नाही. किराणा दुकान, पानटपरी, यात्रेतला तंबू, मोबाइलवरची जाहिरात, कुठूनही ते विकता येते. विकणाऱ्यांची यादीच नसेल, तर निरीक्षकाने तपासायला जायचे कुठे?

धोका इथूनच शिरतो. ‘दोन दिवसांत गुडघा मोकळा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांत उघड झाले आहे. आराम खरोखर पडतो, म्हणून विश्वास बसतो. मग चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. असे औषध एकदम बंद करणेही जिवावर बेतू शकते, म्हणून संशय आला तर पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

भेसळ नसतानाही प्रश्न उरतात. अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर भारताने निर्यात होणाऱ्या वनस्पतीजन्य औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची केली. मुंबईत २०२० च्या अखेरीस गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असे त्यांचे म्हणणे होते. कोणाचेही खरे धरले तरी पुडीतली वनस्पती नेमकी कोणती, हे सिद्ध करता आले पाहिजे, एवढे नक्की.

जाहिरातींसाठी १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, मूतखडा, संधिवात, लठ्ठपणा अशा ५४ विकारांवर औषधाची जाहिरात करायला तो मनाई करतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तरीही अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर रोज दिसतात. जाहिरातीआधी परवानगी घ्या, असा १७० क्रमांकाचा नियम २०१८ साली आला. केंद्राने तो जुलै २०२४ मध्ये काढला, सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली काढताना ती स्थगिती उठवली. म्हणजे आज जाहिरात आधी कोणी तपासत नाही. तक्रार झाली तरच हालचाल होते.

त्यात आणखी एक गुंता. अश्वगंधेची एक बाटली औषध म्हणून, तर शेजारची आहारपूरक म्हणून विकली जाते. पहिलीवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो, दुसरीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक. आहारपूरकाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. कॅनडाने २००४ पासून अशा उत्पादनांना एकच आठ अंकी क्रमांक दिला आहे आणि तो टाकून ग्राहकाला घरबसल्या नोंद पाहता येते.

आयुर्वेदाचा मान राखायचा असेल तर कडक तपासणीची मागणी आयुर्वेदाच्या बाजूच्या माणसांनीच आधी केली पाहिजे. भेसळीच्या पुडीने बदनाम होतो तो प्रामाणिक वैद्य आणि नियम पाळणारा कारखाना. विक्रेत्यांची नोंदणी सक्तीची व्हावी, बाजारातून नमुने नियमित उचलले जावेत आणि त्यांचे निकाल लोकांना वाचता येतील असे जाहीर व्हावेत.

तोवर ग्राहकाने एवढे करावे. ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, घटकांची यादी, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख यांतले काहीही नसेल तर ते औषध घेऊ नये. भस्म किंवा बचनाग, कुचला असलेले औषध वैद्याच्या देखरेखीशिवाय पोटात जाऊ देऊ नये. बिल मागावे, वेष्टन जपून ठेवावे आणि त्रास झाला तर दोन्ही घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. बिनानावाच्या पुडीची तक्रार करायला आपणच पुढे आलो नाही, तर ती उद्या दुसऱ्या गल्लीत विकली जाईल.