लाईट गेल्यावर : थोड्या विजेचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर, एका शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास श्रीपुरात वादळ झाले. बाभळीच्या फांद्या तारांवर पडल्या, खांब वाकले आणि लाईट गेली, ती सोमवारी दुपारी आली. आमच्या युनियनच्या कचेरीत मात्र दिवा जळत होता. सभासदांच्या वर्गणीतून आम्ही दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी व इन्व्हर्टर घेतला होता, आणि विकणाऱ्याने सांगितले होते, “साहेब, दोन दिवस बघायला नको.”

एका सभासदाच्या मुलीचा पदविकेच्या प्रवेशाचा अर्ज रविवारी रात्री बारापर्यंत भरावयाचा होता. मोबाईलचे मनोरे सकाळीच मुके झाले होते. कचेरीतला राउटर चालू आहे असे कळल्यावर बापलेक आमच्याकडे आले. कागद जोडून होईतो साडेदहा वाजले, आणि इन्व्हर्टरने एक लांब शिट्टी मारून मान टाकली. त्यावर जोडलेले होते तरी काय? एक राउटर आणि एक लहान दिवा. पंखासुद्धा आम्ही कोणाला लावू दिला नव्हता. मुलीची ती फेरी हुकली. पुढल्या फेरीत जागा मिळाली ती लांबच्या गावी, आणि वसतिगृहाचा खर्च बापाच्या पगारावर बसला. तो पगार वाढवून घेण्यासाठी आम्ही हयात घालवली. पण दोन दिवसांच्या विजेचा हिशेब आम्हाला करता आला नव्हता.

आमची शाळा सातवीची. तेव्हा हा हिशेब आम्ही जसा शिकलो तसाच मांडतो. बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-तासांना बाराने, म्हणजे तिच्या व्होल्टांनी, गुणावे. दीडशे गुणिले बारा, म्हणजे १,८०० वॅट-तास. हे तिचे भांडवल. राउटर आठ वॅटचा, दिवा पाच वॅटचा. खर्च तासाला तेरा. भागाकार केला तर जवळजवळ पावणेसहा दिवस निघतात. मग आमची बॅटरी अठ्ठावीस तासांत कशी आटोपली?

कारखान्यातल्या वायरमनने मीटर लावला तेव्हा चोर सापडला. काहीही न जोडता नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर स्वतःच दीड अँपिअर, म्हणजे अठरा वॅट खात होता. दिवा व राउटर मिळून तेरा, आणि त्यांना वाढणारा वाढपी अठरा! शिवाय बॅटरी चार वर्षांची, पाणी वेळेवर न घातलेली; तिच्यात निम्मेच बळ उरलेले. नऊशेला एकतीस-बत्तीसने भागा, अठ्ठावीस तास येतात. विकणारा खोटे बोलला असे आम्ही म्हणत नाही. त्याने मोठ्या भाराचा विचार केला होता. पाचशे वॅटचे काम असेल तर अठरा वॅट कोणी मोजत नाही. तेरा वॅटच्या कामात तेच घर बुडवतात.

आणि गंमत अशी, की या कामाला इन्व्हर्टर लागतच नाही. राउटरच्या चार्जरवर बारीक अक्षरांत बहुधा ‘१२ व्होल्ट’ असे लिहिलेले असते. बॅटरीही बाराचीच. आपण बाराचे दोनशेतीस करतो आणि चार्जर त्याचे पुन्हा बारा करतो. पंढरपूरहून श्रीपूरला येताना पुणे करून यावे, तसला हा प्रवास. बॅटरीवरून सरळ जोडणी केली, तर तीच म्हातारी बॅटरी तेरा वॅटचे ओझे अडीच दिवस ओढते. मात्र चार्ज होताना बॅटरी चौदाच्या वर चढते, म्हणून मध्ये व्होल्टेज बारावर धरणारी डीसी कन्व्हर्टरची पेटी हवी. अधिक-उणे उलटे जोडता कामा नये. आणि बॅटरीच्या अगदी जवळ लहान फ्यूज हवाच. दोन टर्मिनलांवर पाना पडला तर तो लाल होतो. असा भाजलेला हात आम्ही पाहिला आहे.

ही युक्ती नवी नाही. पूर्वी गावात लाईट नसतानाही टेलिफोन लागत असे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एक्स्चेंजमध्ये अठ्ठेचाळीस व्होल्टांच्या बॅटऱ्यांची रांग असे आणि फोनला लागणारी चिमूटभर वीज टेलिफोनच्या तारेतूनच घरी येई. आणि २००५ ते २०१२ या लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रात अक्षय प्रकाश योजना निघाली, तिचेही गणित हेच होते : संध्याकाळी गावाने पाण्याच्या मोटारी बंद ठेवाव्यात, म्हणजे घरातले दिवे जळत राहतील.

शिसे-गंधकाम्लाची बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली. ती आजही घरोघर आहे, पण तिचा स्वभाव ओळखला पाहिजे. ती तळापर्यंत पिळलेली सोसत नाही; रिती करून तशीच ठेवली तर पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि ते सुटत नाहीत. म्हणून निम्मेच वापरावे. दीडशेचा आकडाही वीस तासांत सावकाश उपसण्याचा असतो. घाईने उपसली तर तेवढी मिळत नाही. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी दिव्याला लावण्याची आपल्याकडे चाल आहे. तिचे पत्रे पातळ, इंजिनाला एक जोराचा हिसका देण्यापुरते. रात्रभराच्या संथ कामाला जाड पत्र्यांची ट्यूब्युलरच बरी. आपल्या माळशिरसच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर मरते, हेही ध्यानात ठेवावे. हवेशीर सावलीत ठेवावी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. जवळ विडी ओढू नये.

आता लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी आली आहे. तिचा शोध १९९७ सालचा, टेक्सास विद्यापीठातला; त्या निबंधावर जॉन गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही नावे आहेत. ती ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, हलकी असते, पाणी मागत नाही. हातात घ्यायची रक्कम मोठी, परंतु वर्षांवर वाटली तर महाग पडत नाही.

हंगामात कारखान्याच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. ज्या चिपाडावर कारखाने वीज करतात तो ऊस तोडणाऱ्याच्या कोपीत दिवा नसावा, हे आम्हाला नेहमी खुपते. पहाटे अंधारात चूल पेटवणाऱ्या बाईला पायाखालचे जनावर दिसावे एवढाच प्रश्न आहे. तीन वॅटचा दिवा दहा तास जळला तर तीस वॅट-तास लागतात. संगणकाच्या लहान यूपीएसमध्ये असते ती बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बॅटरी चौऱ्याऐंशीची. तिचे निम्मे काढले तरी रात्र निघून वर मोबाईलला थोडे उरते. दिवसा छपरावरचे लहान सौर पॅनेल ते भरून काढते. मुकादमाच्या उचलीत हा खर्च चढवू नये, एवढे मात्र पाहावे लागेल.

जुनी बॅटरी कोठे जाते, हे राहिले. १९४८च्या कारखाने कायद्यात जे रोग सरकारला कळवणे बंधनकारक होते, त्यांच्या यादीत पहिलेच नाव शिसेबाधेचे होते. पोटात मुरडा, हिरड्यांवर निळी रेघ, मग मनगट गळते, हात उचलत नाही. उघड्या भट्टीवर शिसे वितळवणाऱ्याला आणि त्याच्या धुरात खेळणाऱ्या मुलाला हे होते. २०२२च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. आमची ती बॅटरी उचलायला भंगारवाला दुकानदारापेक्षा दोनशे रुपये जास्त देत होता. युनियनच्या बैठकीत त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी ती दुकानदाराला दिली, पावती घेतली, आणि ते दोनशे रुपये कमी का आले हे हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले.