गंगा घरात येते ती वाळूतून

मैत्रिणींनो, तुमच्या देवघरात गंगेचा सीलबंद तांब्या असेलच. हरिद्वारहून आलेला, वर्षानुवर्षं न उघडलेला. पण त्याच हरिद्वारातल्या बायका रोजची डाळ कुठल्या पाण्यात शिजवतात, हे कधी मनात आलं होतं का?

माझ्या मनात आलं ते तिथल्या धर्मशाळेत. पावसाळ्याचे दिवस. घाटावर गंगा दुधाच्या चहासारखी गढूळ, आणि खोलीतल्या नळाचं पाणी मात्र नितळ! मी आपली पेला उजेडात धरून संशयाने बघत बसले. शेवटी झाडलोट करणाऱ्या बाईंनीच सांगितलं, की हे विहिरीचं पाणी आहे, बिनधास्त प्या.

विहिरीचं म्हणजे गंगेचंच, पण फेऱ्याने आलेलं. हरिद्वारला गंगेच्या आणि तिच्या कालव्याच्या काठाने मोठाल्या विहिरी आहेत. 1965 पासून त्या बांधत आले, 2010 च्या सुमारास त्यांची संख्या 22 होती. व्यास सुमारे 10 मीटर, खोली जेमतेम 7 ते 10 मीटर. पंपाने उपसा सुरू झाला की विहिरीतली पातळी खाली जाते, आणि ती भरून काढायला नदीचं पाणी वाळू-गोट्यांतून झिरपत येतं. वर फक्त क्लोरीन मिसळायचं. शहराच्या पिण्याच्या पाण्यातला निम्म्याहून अधिक वाटा असा वाळूतून येत असल्याचं तिथल्या अभ्यासांत दिसलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? आमची आजी हेच करायची! अगदी खरं. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत हातभर खणून झिरा करायचा, पहिलं पाणी उपसून टाकायचं, मग वाटीवाटीने हंडा भरायचा. माझ्या माहेरी बायका वाहत्या धारेतलं पाणी कधी प्यायला घेत नसत, झिऱ्याचंच घेत.

वाळू हे काम करते कसं? गाळ अडतो हे तर उघडच आहे. पण रोगजंतू वाळूच्या फटींपेक्षा कितीतरी बारीक असतात, ते नुसत्या गाळण्याने जात नाहीत. ते कणांना चिकटतात. तिथे आधीच निरुपद्रवी सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर बसलेला असतो, तो घाणीवर जगतो. उरलेले जंतू अंधारात उपासमारीने हळूहळू मरतात. म्हणजे गाळणीइतकंच महत्त्व वेळेला आहे. जर्मनीत म्हणूनच पन्नास दिवसांचा हिशेब धरतात: जिथून विहिरीपर्यंत पोचायला पाण्याला 50 दिवस लागतात, तिथवरची जमीन राखीव ठेवायची.

पण जमिनीखालचे दिवस मोजायचे कसे? इथे कामाला येतं भूजलाचं मॉडेल. त्याचं मूळ फ्रान्समध्ये आहे. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर आंरी डार्सी यांनी वाळू भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून मोजमापं घेतली आणि 1856 साली नियम मांडला: दोन टोकांच्या पातळीतला फरक जितका जास्त तितकं पाणी वेगाने जातं, वाळूचा थर जितका लांब तितकं सावकाश.

आता काठाच्या जमिनीवर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात वाळू भरड की बारीक, पाण्याची पातळी किती, पंप किती उपसतो, हे लिहा. कुठल्या चौकोनातून कुठल्यात किती पाणी गेलं, याचा हिशेब संगणक करतो. अमेरिकेच्या भूशास्त्र विभागाने 1984 मध्ये काढलेला ‘मॉडफ्लो’ नावाचा प्रोग्रॅम सुधारत सुधारत आजही यासाठी वापरतात. मग शेजारच्या विहिरींतली खरी पातळी मोजून उत्तर ताडून बघायचं. पहिलं घावन तव्याला चिकटतं, तसं पहिलं मॉडेल बहुधा फसतंच! हरिद्वारला तर पाण्यातल्या जड ऑक्सिजनच्या प्रमाणावरूनही पारख केली, कारण हिमालयातून आलेल्या पाण्याची खूण तिथल्या पावसाच्या पाण्याहून वेगळी असते. काही विहिरींत पाणी थोड्या दिवसांतच पोचतं, तर काहींत तीन महिन्यांहून अधिक काळाने.

हे दिवस माहीत असण्याला किती मोल आहे, ते ऱ्हाइन नदीकाठच्या लोकांना विचारा. 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली आणि ती विझवताना कीटकनाशकं नदीत वाहून गेली. मासे मेले, खालच्या अंगाच्या पाणीपुरवठा केंद्रांनी उपसा बंद केला. थेट नदीतून पाणी घेणाऱ्याला विचार करायला तासच मिळतात. काठच्या विहिरीवाल्याच्या हाती दिवस असतात, ते नेमके किती हे मॉडेल सांगतं.

तरी वाळूला सगळं साधत नाही. खारेपणा जात नाही. खतांतला नायट्रेट पुष्कळदा तसाच येतो. जमिनीत प्राणवायू संपला तर लोह उलट विरघळून येतं आणि पांढऱ्या कपड्यांवर तांबूस डाग पडतात, ते कुठल्याही साबणाने निघत नाहीत! आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी वाळू थोडी आणि खाली काळा खडक. खडकाच्या भेगेतून पाणी न गाळता धावत येतं. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात मात्र गाळाचे थर चांगले जाड आहेत.

आणि हो, बादलीत वाळू भरून घरी हा प्रयोग करून पाणी उकळणं सोडू नका. घटकाभरात गाळलेलं पाणी म्हणजे महिनाभर झिरपलेलं पाणी नव्हे. गावच्या नळाची विहीर नदीकाठी असेल, तर एकदा सहज चालत जाऊन बघा: धुण्याचा घाट, गोठा, शौचखड्डा तिच्या किती जवळ आहे? आणि काठाची वाळू जागेवर आहे ना?

माझ्या माहेरची नाही. यंदा गेले तेव्हा झिऱ्याच्या जागी उघडा कातळ होता, त्यातल्या डबक्यात म्हशी बसल्या होत्या. वहिनी टँकरची वाट बघत रांगेत उभी होती.